आमचा नगरसेवक कोण?

विद्यार्थ्यांचे इतिहास-नागरिकशास्त्रातील प्रश्न साधे असतात. त्यांची प्रामाणिक उत्तरे मात्र पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत बसत नाहीत. ती टाळण्याची सवय वर्गाला लागली, तर त्याची किंमत पुढे लोकशाहीलाच मोजावी लागते.

राज्याच्या अभ्यासक्रमात सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. महानगरपालिका म्हणजे काय, नगरसेवक कसे निवडून येतात, महापौर कोण आणि आयुक्त कोण, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले जाते. हा पाठ संपताना एखाद्या विद्यार्थ्याने ‘आपल्या वॉर्डाचे नगरसेवक कोण?’ असे विचारावे, यात नवल काहीच नाही. तथापि जून २०२२ मध्ये सहावीत आलेल्या मुंबई-पुण्यातील मुलांना या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे, तर ते ‘कोणीही नाही’ असेच द्यावे लागले असते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. पुणे महापालिकेची मुदतही त्याच महिन्यात संपली. नवी मुंबई, कोल्हापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद येथे तर २०२० पासूनच प्रशासकाचा कारभार सुरू होता. राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. सहावीत नगरसेवकाची व्याख्या पाठ केलेल्या मुलांना प्रत्यक्ष नगरसेवक पाहायला मिळाला, तेव्हा ती नववीत पोहोचली होती.

हे उदाहरण अपवादात्मक म्हणून सोडून देता येईल. परंतु मुलांच्या साध्या प्रश्नांपुढे वर्गाची कशी कोंडी होते, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कशातून क्वचितच दिसेल. पुस्तक रचना सांगते. मूल घरात, रस्त्यावर आणि दूरचित्रवाणीवर व्यवहार पाहत असते. दोहोंत अंतर दिसले की ते प्रश्न विचारते. त्या क्षणी शिक्षक किंवा पालक काय उत्तर देतात, यावर त्या मुलाचे शासनसंस्थेविषयीचे मत बऱ्याच अंशी ठरते.

नियम आणि घडलेले

नगरसेवक का नव्हते, याचे उत्तर द्यायचे तर आधी नियम सांगावा लागतो. १९९२ मध्ये संमत झालेल्या आणि १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. त्यानुसार अनुच्छेद २४३-यू अन्वये महापालिकेची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण होणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात ही मुदत पाळण्याची जबाबदारी अधोरेखित केली होती. म्हणजे नियम संदिग्ध नव्हता.

मग घडले काय? ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन निकषांची पूर्तता आवश्यक ठरवली. ती होईपर्यंत निवडणुका घ्याव्यात की नाही, यावर राजकीय पक्षांची भूमिका जवळपास एकच होती. आरक्षणाशिवाय निवडणूक कोणालाच नको होती. त्यातच प्रभागांच्या संख्येचा वाद निर्माण झाला. मुंबईतील प्रभाग एका सरकारने २२७ वरून २३६ केले, तर ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारने ते पुन्हा २२७ वर आणले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘जैसे थे’च्या आदेशाने तेथेच थांबले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर मिळालेल्या मुदतवाढीत, जानेवारी २०२६ मध्ये, महापालिकांचे मतदान पार पडले.

हे सारे सहावीच्या मुलाला समजेल अशा चार वाक्यांत सांगता येते. निवडणूक पाच वर्षांनी व्हायला हवी. आरक्षण आणि प्रभाग यांवरून वाद झाला. वाद न्यायालयात रेंगाळला. तोवर सरकारने नेमलेला अधिकारी कारभार पाहत होता. यात कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावी लागत नाही. मात्र नियम मोडला गेला, हे सत्य मान्य करावे लागते, आणि अडचण नेमकी तेथेच येते. शासनसंस्थेविषयी मुलांच्या मनात आदर निर्माण व्हावा या हेतूने तिच्या चुका झाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण ज्याला रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार कोणाकडे करायची हे घरी कोणीच सांगू शकत नाही, त्या मुलाचा आदर पुस्तकातील आकृतीमुळे वाढत नाही.

महापौर मोठे की आयुक्त?

याच पाठातून निघणारा दुसरा प्रश्न म्हणजे महापौर मोठे की आयुक्त. ‘महापौर शहराचे प्रथम नागरिक असतात’ हे छापील उत्तर चुकीचे नाही. पण त्यातून काहीच कळत नाही. मुंबईचा कारभार ज्या १८८८ च्या कायद्यानुसार चालतो, त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतात. त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. खर्चाच्या मंजुरीची दोरी प्रामुख्याने स्थायी समितीच्या हाती असते. म्हणजे ज्याला लोकांनी निवडून दिले त्याच्याकडे मान अधिक, आणि ज्याची नेमणूक झाली त्याच्याकडे अधिकार अधिक, अशी ही रचना आहे. ती वसाहतकाळात का निर्माण झाली आणि स्वातंत्र्यानंतर का टिकली, हा विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा विषय आहे.

प्रशासकाच्या काळात ही रचनाही एका टोकाला झुकली. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. देशातील काही लहान राज्यांच्या अर्थसंकल्पांहून मोठी असलेली ही रक्कम कशी खर्च करायची, याचा प्रस्ताव आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच तो मंजूर केला. निवडून आलेल्या सभागृहाचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. प्रश्न विचारणारे सभागृह नसले की कारभार थांबत नाही, पण त्याचा हिशेब मागणारे कोणी उरत नाही.

स्वातंत्र्य नेमके केव्हा मिळाले?

राज्यशास्त्रातील प्रश्न तापदायक, इतिहासातील मात्र निरुपद्रवी, असा एक समज आहे. तोही फारसा खरा नाही. ‘भारत स्वतंत्र केव्हा झाला?’ या प्रश्नाचे उत्तर १५ ऑगस्ट १९४७ हे सर्वांना पाठ असते. परंतु छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या शाळेत १७ सप्टेंबरलाही ध्वजवंदन होते, तेव्हा तेथील मूल ‘आपण दोनदा का स्वतंत्र झालो?’ असे विचारते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते आणि मराठवाडा त्याचा भाग होता, हे उत्तर. कोल्हापूरच्या मुलासाठी तिसरी तारीख आहे. ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. सांगली, मिरज, औंध यांसारखी दख्खनमधील संस्थाने त्याआधी वर्षभर, मार्च १९४८ मध्ये विलीन झाली होती. गोव्यातील विद्यार्थ्याला तर १९४७ नंतर १४ वर्षे थांबावे लागते. पोर्तुगीज सत्ता संपली १९ डिसेंबर १९६१ रोजी. पुढे १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय घेतला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

एकाच भाषेत शिकणाऱ्या मुलांच्या गावागावांत स्वातंत्र्याची तारीख अशी वेगवेगळी आहे. परीक्षेतील एका गुणाच्या रिकाम्या जागेत हे सारे मावत नाही आणि म्हणून ते बहुधा सांगितलेच जात नाही. नागपूरच्या विद्यार्थ्याचा ‘विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आमच्याकडे का?’ हा प्रश्नही याच जातीचा. १९५६ पर्यंत नागपूर ही तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भाने मराठी भाषकांच्या राज्यात यावे यासाठी १९५३ च्या नागपूर कराराने जी आश्वासने दिली, त्यांत वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे आश्वासन होते. १ मे १९६० हा दिवस या सगळ्या प्रवाहांचा संगम आहे. त्यामागे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शंभराहून अधिक हुतात्म्यांचे बलिदान आहे आणि एक लेखी करारही आहे. पहिली गोष्ट विद्यार्थ्यांना माहीत असते. दुसरी माहीत नसल्यामुळे विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा त्यांना नुसते राजकारण वाटते.

‘१५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात देश कोणत्या कायद्याने चालला?’ हा आणखी एक साधा प्रश्न. अनेक सुशिक्षित पालकांनाही त्याचे उत्तर चटकन देता येत नाही. या काळात भारत ब्रिटिश राष्ट्रकुलातील स्वतंत्र अधिराज्य होता. १९३५ चा कायदा आवश्यक त्या बदलांसह लागू होता. सहावे जॉर्ज नामधारी राजे होते. प्रथम माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. संविधान सभा हीच संसदेचेही काम करत होती. संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी हा दिवस निवडला गेला, कारण पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर १९३० मध्ये याच तारखेला देशभर स्वातंत्र्य दिन पाळला गेला होता.

‘लिहिले’ या शब्दाचा अर्थ

संविधान कोणी लिहिले, हा प्रश्न तर दरवर्षी विचारला जातो आणि त्याचे एका नावाचे उत्तर दरवर्षी पाठ करून घेतले जाते. एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतो, की संविधान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिले, तर बाकीचे सदस्य काय करत होते? या प्रश्नात अनादर नाही. त्याला नीट उत्तर दिले, तर बाबासाहेबांचे कार्य अधिकच उजळून निघते. सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी प्राथमिक आराखडा तयार केला होता. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात सदस्यांची मसुदा समिती नेमण्यात आली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समितीचे काही सदस्य गैरहजर, काही आजारी, काही अन्य कामांत व्यग्र. परिणामी मसुद्याचा भार प्रत्यक्षात बाबासाहेबांवर पडला, हे समितीतीलच टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत जाहीरपणे सांगितले. त्यानंतर प्रत्येक अनुच्छेद सभागृहात मांडला गेला, त्यावर हजारो दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्या प्रत्येकाला उत्तर देण्याची जबाबदारीही प्रामुख्याने बाबासाहेबांनीच पेलली. अक्षरशः ‘लिहिले’ म्हणायचे, तर इंग्रजी मूळ प्रत सुंदर अक्षरात लिहिणारे होते प्रेम बिहारी नारायण रायजादा.

हे उत्तर दिल्याने ‘शिल्पकार’ या शब्दाला खरा आशय मिळतो. विरोधकांसह सर्वांचे ऐकून, वाद घालून, काही ठिकाणी आपले मत बाजूला ठेवून एक संपूर्ण दस्तऐवज संमत करून घेणे, हे एकट्याने बसून लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. लोकशाहीत निर्णय कसा होतो, याचा याहून चांगला धडा नागरिकशास्त्रात दुसरा नसेल. केवळ नावाची घोकंपट्टी करून घेणारा वर्ग नेमका तोच धडा गमावतो.

शिक्षकाची अडचण

सर्वांत अवघड प्रश्न मात्र जून २०२२ नंतर वर्गात आला. पक्ष बदलणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाते, असे पुस्तकात आहे. मग इतके आमदार वेगळे होऊनही कोणाचेच सदस्यत्व का गेले नाही? नियम असा, की १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकले. दोनतृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने होणाऱ्या विलीनीकरणाचा अपवाद राहिला. या कायद्याखाली निर्णय देण्याचा अधिकार सभागृहाच्या अध्यक्षांना आहे आणि त्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले.

घडले ते असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचे नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे म्हटले. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने पूर्वीचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही सांगितले आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दोन्ही बाजूंच्या आमदारांना पात्रच ठरवले. राष्ट्रवादी काँग्रेसबाबतही फेब्रुवारी २०२४ मध्ये तसेच झाले. या निर्णयांविरुद्धच्या याचिकांवर अंतिम निकाल लागण्यापूर्वीच नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक झाली आणि ती विधानसभा इतिहासजमा झाली.

यातील प्रत्येक विधान सार्वजनिक नोंदीतील आहे. तरीही बहुसंख्य शिक्षक ते वर्गात उच्चारायला कचरतात आणि त्यांना दोष देणे सोपे नाही. वर्गात सर्व पक्षांच्या घरांतील मुले असतात, संस्थाचालकांचे राजकीय संबंध असतात आणि एखादे वाक्य भ्रमणध्वनीवरून संदर्भाविना गावभर फिरू शकते. त्यात शालान्त परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई असते. ‘हे परीक्षेला नाही’ या वाक्याचा आडोसा अशा वेळी सोयीचा ठरतो.

विरोधाभास असा, की निवडणूक प्रत्यक्ष कशी होते हे याच शिक्षकांना सर्वांत चांगले ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यावर बंधन घातले, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद ठेवला. मतदार यादीच्या दुरुस्तीपासून मतदान केंद्रावरील शाई लावण्यापर्यंतची कामे शिक्षक करतात. मतदान यंत्र कसे सीलबंद होते, यादीतील नाव का गळते, केंद्राध्यक्षांचे अधिकार कोणते, याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, तेच दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ‘निवडणूक आयोगाची कार्ये’ फळ्यावर उतरवून देतात. हा अनुभव वर्गात आला, तर वेगळ्या साधनसामग्रीची गरज पडणार नाही.

उत्तर कसे असावे?

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मत सांगून उत्तर देण्याची आवश्यकता नसते. नियम काय आहे, प्रत्यक्षात काय घडले, निर्णय कोणी दिला आणि त्यावर कोणता वाद शिल्लक आहे, एवढे क्रमाने सांगितले तरी पुरे. उपमुख्यमंत्री पदाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जुलै २०२३ नंतर राज्याने एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री पाहिले. मग त्यांचे अधिकार किती, असे मुले विचारणारच. संविधानात या पदाचा उल्लेख नाही; अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि अन्य मंत्री एवढेच आहेत. कायद्याच्या दृष्टीने उपमुख्यमंत्री हे मंत्रीच असतात आणि या पदामुळे घटनेचा भंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. पद घटनेत नसताना ते का निर्माण होते, याचा विचार विद्यार्थ्यांवर सोडून द्यावा. आघाडीच्या राजकारणाचा धडा त्यांना आपोआप उमगतो.

पालकांची जबाबदारीही कमी नाही. ‘राजकारण वाईट, तू अभ्यास कर’ हे मध्यमवर्गीय घरांतील ठरलेले उत्तर मुलाला प्रश्नापासून दूर नेते. आज दहावीत असलेले मूल २०२९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या सुमारास मतदार झालेले असेल. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली, ती तरुणांच्या समजुतीवर विश्वास ठेवून. पण ही समज अठराव्या वाढदिवशी अचानक येत नाही. ती सहावीत विचारलेल्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातून घडत जाते, किंवा उत्तर न मिळाल्याने खुंटते.

महापालिकांच्या निवडणुका आता झाल्या आहेत. ‘आमचा नगरसेवक कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले आहे. किंबहुना मुंबई वगळता अन्य शहरांत बहुसदस्य प्रभाग पद्धतीमुळे एका प्रभागाला बहुधा चार नावे आहेत. साहजिकच पुढचा प्रश्न तयार आहे: ‘चौघांपैकी तक्रार कोणाकडे करायची?’ त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते शोधण्यासाठी एखाद्या शिक्षकाने आपला वर्ग प्रभाग कार्यालयात नेला, तर नागरिकशास्त्राचा तो तास त्या मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील आणि त्या चौघा नगरसेवकांच्याही.